जहाज लागण्याआधीचा कागद

न्हावा शेवाला अडकलेल्या कंटेनरमागची चूक बहुतेक वेळा न्हावा शेवाला झालेली नसते. ती दोन-तीन आठवडे आधी डोंबिवली एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या माडीवरच्या ऑफिसात, वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात किंवा भिवंडीच्या गोदामातल्या टेबलावर झालेली असते. परदेशातल्या पुरवठादाराला ऑर्डर पाठवताना मालाचे नाव अर्धवट लिहिले जाते. इनव्हॉइसवर तेच अर्धवट नाव येते, पॅकिंग लिस्टवर वजन वेगळे पडते, आणि जहाज कोलंबो सोडून वर यायला लागले की हे सगळे कागद एका ईमेलला जोडून सीएचएकडे, म्हणजे कस्टमचे काम पाहणाऱ्या एजंटकडे, रवाना होतात. डेमरेजचे बिल मात्र उरणच्या बाजूने येते, म्हणून दोषही तिकडच्याच खात्यावर मांडला जातो.

ही पुस्तिका त्या टेबलासाठी आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, भिवंडी या पट्ट्यात असे शेकडो उद्योग आहेत जे वर्षाला मोजके कंटेनर मागवतात. कोणी रंगाचा कच्चा माल, कोणी प्लास्टिकचे दाणे, कोणी बेअरिंग, कोणी जुने माग. त्यांच्याकडे आयातीचा वेगळा विभाग नसतो. जीएसटी भरणारा अकाउंटंटच आयातीचे कागद पाहतो, आणि तोही पगाराच्या तारखा आणि बँकेची कामे यांतून वेळ काढून. मोठ्या कंपन्यांना सल्लागार परवडतात. या लोकांना परवडत नाहीत, आणि दंडाचा फटका मात्र त्यांनाच सर्वांत जड जातो. एक कंटेनर पंधरा दिवस अडकला तर मोठ्या कंपनीत एक टिपण लिहिले जाते. इथे रिअ‍ॅक्टर थंड पडतो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते.

बिल ऑफ एंट्री म्हणजे आयातदाराने सरकारपुढे दिलेला जबाब आहे, एवढी एकच गोष्ट वाचकाच्या मनात पक्की बसावी असे मला वाटते. सीमाशुल्क कायदा १९६२ चा. त्याच्या कलम ४६ खाली हा कागद दाखल होतो. पूर्वी आयातदार माहिती देई आणि शुल्क ठरवण्याचे काम अधिकाऱ्याचे असे. एप्रिल २०११ पासून कलम १७ बदलले आणि स्वयंनिर्धारण आले. मालाचा आठ आकडी कोड कोणता, किंमत किती, सवलत लागू आहे की नाही, शुल्क किती, हे सगळे आता आयातदाराने स्वतः ठरवून लिहायचे. अधिकारी ते तपासू शकतो, पण पहिली लेखणी आपली. २०१८ मध्ये कलम ४६ ला आणखी एक पोटकलम जोडले गेले. त्यानुसार माहिती अचूक आणि पूर्ण आहे, जोडलेले कागद खरे आहेत आणि मालावरच्या निर्बंधांचे पालन झाले आहे, या तिन्हींची जबाबदारी कागद दाखल करणाऱ्या आयातदारावर आली.

‘एजंटने भरले, मला काय माहीत’ हे वाक्य सुनावणीत उपयोगी पडत नाही. एजंटने केलेले काम मालकाच्या माहितीने आणि संमतीनेच झाले असे कलम १४७ धरून चालते. तसे नव्हते हे दाखवून द्यावे लागते. सीएचएवर जबाबदारी नाही असे नाही. २०१८ च्या कस्टम ब्रोकर नियमांत त्याने आयईसी आणि जीएसटी नंबर तपासावा, ग्राहकाला कायद्याचा योग्य सल्ला द्यावा, चुकीचे काही दिसले तर खात्याला कळवावे, असे स्पष्ट लिहिले आहे. पण ड्रममध्ये नेमके काय आहे हे त्याला कोण सांगणार? ते फक्त मागवणाऱ्याला माहीत असते.

चुका टाळण्याची सर्वांत चांगली वेळ कुठली, असे मला विचारले तर मी चेकलिस्टची वेळ सांगेन. बिल ऑफ एंट्री सिस्टिममध्ये टाकण्याआधी सीएचए तिचा कच्चा मसुदा पाठवतो, त्याला या धंद्यात चेकलिस्ट म्हणतात. तीन-चार पानांची पीडीएफ असते, अक्षर बारीक, रकाने दाटीवाटीने. ती बहुधा संध्याकाळी सात-साडेसातला व्हॉट्सअ‍ॅपवर येते, सोबत ‘सर, आजच फाइल करायची आहे, प्लीज कन्फर्म’ असा निरोप. मालक लोकलमध्ये किंवा शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये असतो. तो शेवटच्या पानावर जातो, एकूण ड्युटीचा आकडा पाहतो, मनातल्या मनात बँकेतली शिल्लक आठवतो आणि ‘ओके’ टाइप करतो. पहिल्या पानावरचा जीएसटी नंबर, दुसऱ्या पानावरचे मालाचे वर्णन, त्यापुढचा कोड, सवलतीच्या अधिसूचनेचा क्रमांक, मूळ देश, एकक, यांतले काहीही कोणी वाचलेले नसते. तो ‘ओके’ म्हणजे सही असते, आणि पुढे वाद झाला तर सीएचए तोच स्क्रीनशॉट काढून दाखवतो. त्याचे चुकतेही नाही.

म्हणून या पुस्तिकेतले सर्वांत लांब प्रकरण चेकलिस्ट वाचण्यावर आहे. छापून घ्या, पेन हातात घ्या, इनव्हॉइस शेजारी ठेवा आणि खालून वर न वाचता वरून खाली वाचा. अर्धा तास लागतो.

वर्गीकरणाचा प्रश्न मात्र अर्ध्या तासात सुटत नाही, आणि इथेच खरे घोडे पेंड खाते. डोंबिवलीच्या वाचकाला जवळचे उदाहरण घेऊ. टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड रंगवाले, प्लास्टिकवाले, शाईवाले सगळेच वापरतात. टॅरिफमध्ये तिला दोन घरे आहेत. शुद्ध, कशातही न मिसळलेले आणि कणांच्या पृष्ठभागावर कोणतीही प्रक्रिया न केलेले टायटॅनियम ऑक्साइड २८२३ मध्ये जाते. रंगद्रव्य म्हणून तयार केलेले, कोरड्या वजनावर ८० टक्के किंवा जास्त टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, ३२०६ ११ मध्ये जाते. आता इनव्हॉइसवर नुसते ‘टायटॅनियम डायऑक्साइड, रुटाइल’ असे लिहिले असेल तर सीएचएने काय करायचे? तो मागच्या वेळी लावलेला कोड पुन्हा लावतो, किंवा पुरवठादाराने चीनमध्ये लावलेला कोड उचलतो. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, त्यामुळे ते बरोबरच असतील असे वाटते. पण पुरवठादाराने आपल्या सोयीचा कोड लावलेला असू शकतो, आणि शेवटचे दोन आकडे तर भारताचे स्वतःचे.

या प्रश्नाचे उत्तर कारखान्यातच असते. पुरवठादाराच्या टेक्निकल डेटा शीटवर ‘सरफेस ट्रीटमेंट’ नावाची एक ओळ असते आणि तिच्यासमोर अ‍ॅल्युमिना किंवा झिरकोनिया असे काही लिहिलेले असते. टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रमाणही त्याच पानावर, समजा ९३ टक्के. म्हणजे कणांवर थर दिलेला आहे, माल २८२३ मध्ये बसत नाही. ही ओळ प्रयोगशाळेतल्या केमिस्टला तोंडपाठ असते, कारण रंगात पूड कशी पसरते हे त्या थरावरच अवलंबून असते. पण केमिस्टची आणि सीएचएची गाठ कधी पडत नाही. दोघांच्या मध्ये अकाउंटंट असतो, आणि त्याच्या दृष्टीने ती पूड म्हणजे खरेदी खात्यातली एक नोंद. माल ओळखणारा माणूस आणि मालाचा कागद भरणारा माणूस एकमेकांशी बोलत नाहीत, हेच मला या भागातल्या बहुतेक चुकांचे मूळ दिसते. नवा माल मागवण्याआधी दोघांना दहा मिनिटे फोनवर एकत्र आणा, एवढे केले तरी पुष्कळ साधते.

२०२३ पासून तर याला पर्याय उरलेला नाही. टॅरिफच्या काही प्रकरणांतल्या रसायनांसाठी आता बिल ऑफ एंट्रीत शास्त्रीय नाव आणि सीएएस क्रमांकही द्यावा लागतो. व्यापारी नावावर काम भागत नाही. सीएएस क्रमांक सेफ्टी डेटा शीटच्या तिसऱ्या विभागात मिळतो. तो पुरवठादाराकडून ऑर्डर देतानाच मागून घ्यावा, जहाज निघाल्यावर नव्हे.

वर्णनाचा वाद किती लांब जाऊ शकतो हे पाहायचे असेल तर मुंबईच्याच एका प्रकरणाकडे पाहावे. दिलीप कुमार अँड कंपनी या आयातदाराने ऑगस्ट १९९९ मध्ये व्हिटॅमिन ई-५० पावडर आणली. जनावरांच्या खाद्यात वापरायची, म्हणून त्यांनी ती कोळंबीच्या खाद्याच्या नोंदीखाली दाखवली आणि ३० टक्क्यांऐवजी ५ टक्के शुल्काची सवलत मागितली. खात्याचे म्हणणे पडले की ही पावडर खाद्यात घालायचे रसायन आहे, खाद्य नव्हे. अपिलात आयातदार जिंकले, न्यायाधिकरणातही जिंकले. सर्वोच्च न्यायालयात प्रश्न आला तो असा, की सवलतीच्या अधिसूचनेत संदिग्धता असेल तर तिचा फायदा कोणाला द्यायचा? ३० जुलै २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की सवलत काटेकोरपणेच वाचायची, आपण तिच्यात बसतो हे दाखवण्याचे ओझे आयातदारावर, आणि संदिग्धता उरलीच तर तिचा लाभ सरकारला. एका बिल ऑफ एंट्रीपासून या निकालापर्यंत एकोणीस वर्षे लोटली. अशा संदिग्धतेचा फायदा आयातदाराला देणारा सर्वोच्च न्यायालयाचा आधीचा निकालही या निकालाने मागे सारला. तेव्हा सवलतीचा रकाना भरताना ‘बघू, मिळाली तर मिळाली’ ही वृत्ती सोडून द्यावी. अधिसूचनेतला प्रत्येक शब्द आपल्या मालाला लागू पडतो का, हे शब्दावर बोट ठेवून पाहावे. मुक्त व्यापार कराराखालच्या सवलतीचेही तेच. सप्टेंबर २०२० पासून नुसते मूळ देशाचे प्रमाणपत्र पुरत नाही. माल त्या देशात कसा तयार झाला याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ बाळगायची आणि मागितली तर द्यायची, असा नियम आहे. व्हिएतनाम किंवा मलेशियातल्या व्यापाऱ्याने ती द्यायला नकार दिला तर ती सवलत घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक बदल फार कमी लोकांनी मनावर घेतला आहे. पूर्वी कस्टमच्या एखाद्या तपासणी ग्रुपमध्ये शंका निघाली की सीएचए नमुन्याची पुडी घेऊन जवाहरलाल नेहरू कस्टम हाउसमध्ये अ‍ॅप्रेझरच्या टेबलापुढे उभा राहत असे. बोलून, दाखवून गोष्ट मिटत असे. ३१ ऑक्टोबर २०२० पासून फेसलेस तपासणी देशभर लागू झाली. न्हावा शेवाला उतरलेल्या मालाचा कागद आता दुसऱ्याच शहरातला अधिकारी पाहतो. त्याला ना पुडी दिसते, ना तुमचा चेहरा. त्याला दिसते ते स्क्रीनवरचे वर्णन आणि ई-संचितवर चढवलेले कागद. वर्णन त्रोटक असेल तर तो क्वेरी टाकतो, आणि क्वेरीच्या उत्तरापर्यंतचा प्रत्येक दिवस कंटेनर ठेवलेल्या सीएफएसच्या मीटरवर पडतो. म्हणून जे पूर्वी तोंडी सांगत होतो ते आता पहिल्याच वेळी लिहून, डेटा शीट आणि विश्लेषण प्रमाणपत्र जोडून द्यायचे. क्वेरी आलीच तर उत्तर मुद्देसूद द्यावे. ‘प्लीज डू द नीडफुल’ हे उत्तर होत नाही.

माल कुठे, कोणाच्या संमतीने उतरवायचा हा प्रश्न आपल्या भागाला तसा फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणचा उल्लेख कॅलिएना या नावाने येतो. एका राज्यकर्त्याच्या काळात ती रीतसर मान्यता असलेली पेठ होती, पुढे सत्ता बदलली, अडथळे आले आणि तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जाण्याची भीती असे, असे तो ग्रंथकार नोंदवतो. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत जहाजबांधणीला हात घातला. आज मोठे जहाज कल्याणच्या खाडीत येत नाही. १९८९ च्या मे महिन्यात न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले आणि आपला समुद्र तिकडे गेला. पण मालाचे धनी इथेच राहिले, म्हणून कागदाची जबाबदारीही इथेच आहे.

किमतीच्या रकान्याकडे येऊ. इनव्हॉइसची रक्कम लिहिली की किंमत झाली, असा समज असतो. शुल्क लागते ते मालाची किंमत अधिक समुद्रभाडे अधिक विमा यांच्या बेरजेवर. एफओबीवर, म्हणजे समुद्रभाडे आपण भरायच्या अटीवर, घेतलेल्या १० लाख रुपयांच्या मालाचे खरे भाडे ४० हजार आहे असे धरा. भाड्याचे बिल फॉरवर्डरकडून वेळेवर आले नाही आणि भाडे किती हे दाखवता आले नाही, तर २००७ च्या मूल्यांकन नियमांतल्या नियम १० प्रमाणे एफओबीच्या २० टक्के, म्हणजे २ लाख रुपये भाडे धरले जाते. १ लाख ६० हजारांचा फरक पडला. मूळ शुल्क ७.५ टक्के, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि १८ टक्के आयजीएसटी असेल, तर या फरकावर ४४,३७६ रुपये जादा भरावे लागतात. आयजीएसटीचे क्रेडिट मिळेल, पण १३,२०० रुपये गेले ते गेलेच. कशामुळे, तर एक पीडीएफ मागायची राहिली. विम्याचेही तसेच, पॉलिसी दाखवली नाही तर एफओबीच्या १.१२५ टक्के. उलट बाजूची चूकही पाहण्यात येते. उतराईखर्चाचा १ टक्का किमतीत मिळवण्याची पद्धत सप्टेंबर २०१७ मध्ये बंद झाली, तरी काही कारखान्यांच्या एक्सेलमध्ये तो रकाना अजून जिवंत आहे आणि लँडेड कॉस्ट चुकीची निघते.

माल एक्स-वर्क्स घेतला असेल तर पुरवठादाराच्या कारखान्यापासून त्याच्या बंदरापर्यंतचा खर्चही मिळवावा लागतो. तो दाखवायचा राहतो, कारण तो वेगळ्या बिलात येतो. साच्याची किंमत आधी वेगळी पाठवली असेल, तंत्रज्ञानाची फी ठरली असेल, विकणारी कंपनी आपल्याच नात्यातली असेल, तर सीएचएला आपणहून सांगावे. त्यांचे तपशील आत आले आहेत.

निम्म्या किमतीचे इनव्हॉइस बनवून देतो, उरलेले हवालाने पाठवा, असे सुचवणारे पुरवठादार असतात हे मला माहीत आहे. ही पुस्तिका त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी नाही. कस्टमकडे त्याच मालाच्या देशभरातल्या आयात किमती असतात, पाच वर्षे मागे जाऊन मागणी काढता येते, शुल्काइतकाच दंड बसतो, माल जप्त होतो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट अशी, की शेजारच्या गाळ्यातला प्रामाणिक माणूस त्या खोट्या किमतीपुढे टिकू शकत नाही.

तारखांविषयी एकच नियम घट्ट लक्षात ठेवावा. २०२१ च्या बदलानंतर बिल ऑफ एंट्री जहाज पोहोचण्याच्या आदल्या दिवसअखेर दाखल झाली पाहिजे. तो दिवस रविवार असो की दिवाळी, सूट नाही. शेजारच्या मोजक्या देशांतून येणाऱ्या मालापुरती थोडी सवलत आहे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार रुपये आणि त्यापुढे रोज १० हजार. जहाज यायच्या तीस दिवस आधीपासून कागद दाखल करता येतो. मग उशीर का होतो? ‘ओरिजिनल बँकेत अडकले आहेत’ हे नेहमीचे कारण. ओरिजिनल बिल ऑफ लेडिंग लागते ते शिपिंग लाइनकडून डिलिव्हरी ऑर्डर सोडवताना. बिल ऑफ एंट्री स्कॅन केलेल्या प्रतींवर दाखल होते. दोन्ही गोष्टींची गल्लत करून लोक हकनाक पैसे भरतात. शुल्क भरायला उशीर केला तर सालीना १५ टक्के व्याज, हेही त्यात धरा.

बारीक चुकांची यादी आत दिली आहे. इथे त्यांतल्या दोन-तीनच. एका कंटेनरमध्ये अनेकांचा माल येतो तेव्हा मास्टर बीएल वेगळे आणि हाउस बीएल वेगळे असते. नंबर आणि तारखेची अदलाबदल झाली, किंवा नगांची संख्या आयजीएमशी, म्हणजे जहाजाच्या मालयादीशी, जुळली नाही, की सगळे अडते, आणि आयजीएममधली दुरुस्ती आपल्या हातात नसते. ती लाइनने किंवा कन्सोल एजंटने करायची. दुसरी गोष्ट ढोबळ वजन आणि निव्वळ वजन यांची. शुल्क किमतीवर लागते, मग वजनाने काय बिघडते असे वाटते. पण अँटी-डंपिंग शुल्क पुष्कळदा टनाला इतके डॉलर असे असते आणि उत्पादकागणिक बदलते. ड्रमचे वजन मालात धरले तर त्या लोखंडावरही शुल्क भरावे लागते. उत्पादकाचे नाव व्यापाऱ्याच्या नावाशी गल्लत करून लिहिले तर सर्वांत चढा दर लागतो. तिसरी गोष्ट जीएसटी नंबराची. गुजरातमधल्या शाखेचा नंबर पडला आणि माल डोंबिवलीत आला, तर क्रेडिट इकडच्या खात्यात दिसत नाही आणि चार्टर्ड अकाउंटंट महिनाभर शोधत बसतो. जुन्या यंत्रांचा, विशेषतः भिवंडीच्या मागवाल्यांचा, चार्टर्ड इंजिनिअरच्या दाखल्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

चूक झालीच तर? माल सुटण्याआधी ध्यानात आली तर कलम १४९ खाली दुरुस्ती मागावी, आणि ती आपणहून मागावी. अधिकाऱ्याने पकडल्यावर केलेल्या अर्जाचे वजन वेगळे असते. माल सुटल्यानंतरही दुरुस्ती होऊ शकते, पण माल सुटला तेव्हा अस्तित्वात असलेल्या कागदांच्याच आधारावर. नंतर बनवलेले पत्र चालत नाही. शुल्क जास्त भरले गेले तर थेट परतावा मागण्याची वाट बंद आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्वयंनिर्धारण हाही एक आदेशच आहे. तो आधी बदलून घ्या, मग परतावा मागा. म्हणजे आपणच भरलेल्या कागदाविरुद्ध अपील करायचे, असे लोकांना वाटू लागले. जानेवारी २०२१ मध्ये डायमेन्शन डेटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने वाट मोकळी केली. वर्गीकरणाची प्रामाणिक चूक कलम १४९ किंवा १५४ खाली दुरुस्त करून घेता येते, प्रत्येक वेळी अपील लागत नाही. २०२५ च्या वित्त कायद्याने कलम १८अ आणले, त्यात माल सुटल्यावर आयातदाराला स्वतःहून नोंद सुधारण्याची तरतूद झाली. लहान आयातदारांनी ती जरूर समजून घ्यावी. मागच्या वर्षाची फाइल उघडून पाहायला भीती वाटणाऱ्यांसाठी ती आहे.

आतापर्यंत पैशांचे बोललो. डोंबिवलीत राहून तेवढ्यावर थांबणे मला पटत नाही. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन तारखा इथे कोणाला सांगाव्या लागत नाहीत. एमआयडीसीतल्या स्फोटांनी दूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या, माणसे गेली. त्या दुर्घटनांची कारणे वेगळी, त्यांचा कस्टमशी संबंध मी लावत नाही. पण ज्वालाग्राही माल ज्या शहरातून ट्रकने जातो आणि ज्या शहरात साठवला जातो, तिथे त्याचे कागदावरचे नाव खरे असणे हा जिवाचा प्रश्न आहे. ९ जून २०२५ ला कोलंबोहून न्हावा शेवाला निघालेल्या वान हाय ५०३ या जहाजावर केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात स्फोट होऊन आग लागली. बावीस जणांपैकी अठरा वाचले. अशा वेळी कोणत्या कंटेनरवर पाणी मारायचे आणि कोणत्यावर मारायचे नाही, हे ठरवायला आग विझवणाऱ्यांच्या हाती एकच गोष्ट असते: घोषित मालाची यादी. भाडे वाचवण्यासाठी धोकादायक रसायन साध्या नावाने पाठवा असे पुरवठादाराला सांगणारा आयातदार त्या खलाशांशी काय व्यवहार करतो आहे, हे त्याने स्वतःला विचारावे. बंदरापासून इथपर्यंत टँकर आणि ट्रक चालवणारी मुले आपल्याच भागातली असतात.

या पुस्तिकेत हवाई मालाचा, कुरिअरचा आणि निर्यातीचा विचार केलेला नाही. त्या वाटा वेगळ्या आहेत आणि त्यांच्या चुकाही वेगळ्या. शुल्काचे दर उदाहरणापुरते दिले आहेत. दर अर्थसंकल्पात बदलतात, कधी वर्षाच्या मधेच बदलतात, आणि चलनाचा कस्टमचा दर तर पंधरवड्याने बदलतो. तेव्हा इथला आकडा उचलून कोणी चेकलिस्टवर लिहू नये. त्या दिवसाची अधिसूचना पाहावी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी अर्धे पान कोरे ठेवले आहे. तिथे आपल्या नेहमीच्या मालाचे पूर्ण नाव, सीएएस क्रमांक, आठ आकडी कोड, तो कोणत्या टिपेच्या आधारावर ठरवला ते आणि ठरवल्याची तारीख, एवढे कारखान्यातल्या केमिस्टकडून लिहून घ्यावे.